स्पॉटिफायची यादी की ब्रिटनचा अधिकृत चार्ट?

ब्रिटनमध्ये एकच गाणं स्पॉटिफायच्या दैनंदिन यादीत वर आणि अधिकृत सिंगल्स चार्टमध्ये (एकेका गाण्याच्या साप्ताहिक क्रमवारीत) बरंच खाली दिसतं, तेव्हा चूक कुणाचीच नसते. मोजमाप वेगळं आहे.

स्पॉटिफाय फक्त स्वतःची प्ले मोजतं. गाणं किमान ३० सेकंद वाजलं की एक प्ले. अल्बम आला की दुसऱ्याच दिवशी यादीत त्याची आठ-दहा गाणी घुसतात, कारण चाहते सगळा अल्बम सलग ऐकतात.

अधिकृत चार्ट शुक्रवार ते गुरुवार असा आठवडा धरतो, विक्री आणि इतर सेवाही मिळवतो. जुलै २०१८च्या नियमानुसार सशुल्क खात्यावरची १०० किंवा जाहिरातींसह ऐकलेली ६०० स्ट्रीम (म्हणजे इंटरनेटवरची प्ले) मिळून एक विक्री. खरी मेख पुढे आहे: दहा आठवडे चार्टवर राहून सलग तीन आठवडे घसरलेल्या गाण्याला दुप्पट स्ट्रीम लागतात. म्हणून जुनं गाणं अचानक गडगडतं. मार्च २०१७ मध्ये ब्रिटिश गायक एड शीरनची १६ गाणी या चार्टच्या पहिल्या २०मध्ये आली, त्याच वर्षी मुख्य कलाकारामागे तीन गाण्यांची मर्यादाही आली.

आज काय वाजतंय ते हवं असेल तर स्पॉटिफाय बघा. वर्षावर्षांची तुलना मात्र अधिकृत चार्टवरच करा, तीही नियम बदलल्याची वर्षं लक्षात ठेवून.