फेल्टची भातुकली: वूल ब्लेंड घ्यावं की साधं पॉलिस्टर?

फेल्टमध्ये (म्हणजे धागे दाबून केलेल्या जाडसर कापडात) भातुकली शिवायचं ठरलंय, टाके येतात, पॅटर्न डाऊनलोड करून झालेत आणि आता गाडी फक्त कापडापाशी अडलीये, अशांसाठी हे लिहितोय. त्यातही जे गोव्यात राहतात त्यांच्यासाठी. प्रश्न एवढाच की वूल ब्लेंड ऑनलाइन मागवायचं, की म्हापशा-पणजीला स्टेशनरीच्या दुकानात मिळतात ते पॉलिस्टरचे शीट्स उचलायचे. मी दोन्हींत शिवलंय, घरच्या पोरीसाठी आणि पुण्याच्या भाचीसाठी, त्यामुळे दोन्ही बाजूंनी थोडं थोडं भांडू शकतो.

दिसण्यात वूल ब्लेंड पुढे आहे, यात वाद नाही. नावात वूल असलं तरी बहुतेक शीट्समध्ये लोकर 20 ते 35 टक्क्यांच्या आसपास असते आणि बाकीचं रेयॉन, पण तेवढ्यानेही हाताला फरक कळतो. मोदक, टोमॅटो, लाडू असं काहीही गोल शिवा, दोरा जरा ओढला की कड आत दबते आणि टाका जवळजवळ दिसेनासा होतो, तेच पॉलिस्टर त्या जागी चुण्या धरतं आणि मोदकाच्या कळ्या नको तिथे पडतात. रंगांचंही तसंच. पोई म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव, तिच्यावरचा कोंड्याचा मातकट तपकिरी रंग वूलमध्ये बरोब्बर मिळतो, स्टेशनरीवाल्याकडे तपकिरी म्हणजे चॉकलेटी, विषय संपला. पातोळ्यांसाठी हळदीच्या पानाचा हिरवा शोधायला गेलात तर पोपटी नाहीतर बाटलीचा हिरवा, मधलं काही नाही. मी शेवटी पोपटी घेऊन त्यावर गडद हिरव्या दोऱ्याने शिरा काढल्या, सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर घेऊन, आणि ते पान घरी सगळ्यांना पटलं, म्हणजे मार्ग निघतो.

सपाट आणि थरांच्या वस्तूंत मात्र पॉलिस्टर काही कमी नाही, उलट मला तेच आवडतं. बेबिंकाच घ्या, गोव्याची थराथरांची मिठाई, 2023 ला तिला जीआय टॅगही (भौगोलिक मानांकन) मिळाला, तेव्हा गोव्यातल्या भातुकलीत ती हवीच. परंपरेने सात थर, प्रत्येकाची कड बाजूने दिसली पाहिजे, आणि पॉलिस्टरची कापलेली कड सरळ, स्वच्छ राहते. फक्त नेहमीचे 1 मिमीचे शीट एकेरी लावले तर बेबिंका पापडाएवढी होते, थर दुहेरी करा. कातरे पाव, बांगडा, केळीचं पान, डोशाची गुंडाळी, या सगळ्याला पॉलिस्टर पुरतं.

पॉलिस्टरची तक्रार म्हणाल तर गोळे. पोरांचे हात घामट असतात, खेळून खेळून पोईच्या वरच्या बाजूला बारीक गोळे धरतात आणि महिन्या-दोन महिन्यांत ती पोई म्हातारी दिसायला लागते. स्वेटरचे गोळे काढायचं बॅटरीचं मशीन हलक्या हाताने फिरवलं की बरंच निघतं, पण परत येतं, हे मान्य. शिवाय स्वस्तातलं शीट टाक्यापाशी ताणून विरतं. घेताना शीट उजेडासमोर धरून बघा, कुठे पातळ तर कुठे जाड दिसलं तर ठेवून द्या, आणि अंगठ्याने एकाच जागी जोरात घासून बघा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. कडक फेल्ट मिळतं ते खाण्याच्या वस्तूंना नकोच, ताटली-सुरीला ठीक.

इथवर वाचून तुम्ही वूलकडे झुकला असाल. मीही तिथेच होतो, पावसाळ्यापर्यंत.

तर आता माझं ज्यावरून ठरलं ते, धुणं. भातुकलीतलं जेवण तोंडात जातंच, तुम्ही कितीही सांगा. पोरगी पोई चावायची, बांगडा खऱ्या पाण्यात "साफ" करायची, एकदा पातोळ्या खऱ्या गुळाच्या रसात बुडाल्या. म्हणजे धुवायला लागतंच, आणि आपल्याकडे वर्षाला सरासरी 3000 मिमीच्या आसपास पाऊस, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, तेव्हा वाळवणार कुठे? लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांपर्यंत ओल पिऊन घेते आणि हाताला ओली लागतही नाही, यातच सगळी गोम आहे. रेयॉनही पाणी पिणारंच. त्यामुळे वूलची पोई बाहेरून वाळलेली वाटायची, मी ती परत टोपलीत टाकायचो, आणि आत भरलेलं फायबर तसंच दमट. दोन दिवसांनी कुबट वास. पंख्याखाली ठेवा, फ्रीजच्या मागे गरम हवेला ठेवा, इस्त्रीच्या टेबलावर ठेवा, जुलैत काही म्हणता काही वाळत नाही. आणि त्या कुबट वासाच्या खाली लोकरीचा स्वतःचा एक ओला वास असतो. पोरीने पोई नाकाला लावली आणि आजीला सांगून आली, "आजी, पोईला कुत्र्याचा वास येतो." आईने ती टोपलीच उचलून बाल्कनीत नेऊन ठेवली. त्यानंतर पोरगी पोदेर-पोदेर (पोदेर म्हणजे भोंगा वाजवत दारोदार येणारा पाववाला) खेळायची पण पोई कोणाला वाढायची नाही, नुसता भोंगा वाजवायची.

पॉलिस्टरचा धागा स्वतः पाणी जवळपास पीतच नाही, अर्धा टक्कासुद्धा नाही. पाणी राहतं ते धाग्यांच्या मधल्या फटींत आणि भरलेल्या फायबरमध्ये, तेही पॉलिस्टरचंच असलं तर टॉवेलात गुंडाळून दाबलं की बहुतेक निघून जातं. रात्री पंख्याखाली ठेवलं की आमच्याकडे सकाळी पोरीच्या हातात असतं, भर पावसातसुद्धा. (सावरीचा कापूस भरू नका, दिसायला छान, पण ओला झाला की गठ्ठा होतो.) मी काही वजनकाट्यावर मोजलेलं नाही, पण चारही महिने घरात राहून बघितलंय.

वूलला कसरीचीही भीती असते. दिवाळीनंतर पेटी उघडली तर एका मोदकाला टाचणीएवढी भोकं. कपड्यांत डांबरगोळ्या टाकतो तशा खेळण्यांत टाकता येत नाहीत, पोरं गोळी म्हणून तोंडात घालतील, ते अजिबात करू नका. कडुलिंबाचा पाला ठेवून बघितला, वाटलं तेवढा उपयोग नाही, निदान आमच्याकडे तरी. पॉलिस्टरकडे कसर ढुंकूनही बघत नाही. आणि वूल गरम पाण्यात चोळलं तर आकसतं, लोकरीच्या तंतूंचे खवले एकमेकांत अडकतात, फेल्ट मुळात बनतं तेच असं. म्हणजे गुळ लागला तरी कोमट पाण्यातच हलक्या हाताने धुवा. पॉलिस्टरला ती काळजी कमी, फक्त थेट गरम इस्त्री नको, वितळतं, वर सुती कापड घालून फिरवा.

वूल वाईट असं मी म्हणत नाहीये. भाचीला पाठवलेला सगळा सेट वूलचा आहे, पुण्याला हवा कोरडी, ती आता मोठी झालीये आणि चावत नाही, तिच्याकडे तो अजून नव्यासारखा आहे. तुमच्याकडे घरात डीह्युमिडिफायर चालत असेल, किंवा पोर पाच-सहा वर्षांचं असेल आणि वस्तू जपणारं असेल, तर खुशाल वूल घ्या, खर्च काही पटींनी जास्त येईल पण शिवताना मजा येते. माझ्यासारखं कोणी असेल, म्हणजे पोर लहान, घर नदीकाठी, भिंतींना ओल, तर मी तरी पॉलिस्टरच सांगेन. मोदकाच्या चुण्या हव्या तर मी लपवायला शिकवतो, वास कसा लपवायचा ते मला अजून जमलेलं नाही.

आणि एक, तीन वर्षांखालच्या पोरांसाठी डोळे म्हणून मणी किंवा बटण लावू नका, बांगड्याचा डोळा दोऱ्यानेच भरा. चवथीला फेल्टची माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची सजावट) करायचा विचार असेल तर हिरवे शीट्स जुलैतच घेऊन ठेवा. नंतर शाळांची प्रोजेक्ट्स चालू होतात आणि दुकानात उरतो तो फक्त गुलाबी.