ॲडम्स की फेझंट टेल: पहिली माशी कोणती बांधावी?

ट्राउट माशासाठी गळाची माशी, म्हणजे गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, घरीच बांधायची ठरवली की ही दोन नावं आधी कानावर येतात.

ॲडम्स तरंगणारी. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये लेन हॅलाडे यांनी ती पहिल्यांदा बांधली. करडं अंग, उभे पंख आणि डोक्यामागे कोंबड्याच्या मानेची दोन पिसं, एक तपकिरी, एक पट्ट्यांचं करडं, एकत्र गुंडाळलेली. खरी गोम त्या पिसांत आहे. तंतू ताठ हवेत, लांबीला गळाच्या तोंडाच्या, म्हणजे टोक आणि दांडी यांमधल्या अंतराच्या, साधारण दीडपट. मऊ पीस लावलंत तर माशी दोन-चार फेकींत भिजून बुडते. बरं, चांगली पिसं स्वस्त नाहीत आणि पंख सरळ उभे करताना नवशिक्याच्या नाकी नऊ येतात.

फेझंट टेल पाण्याखालची. इंग्लंडात ॲव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी ती घडवताना दोरा चक्क वगळला. तांब्याची बारीक तार दोऱ्याचं काम करते आणि वजनही देते. फेझंट पक्ष्याच्या शेपटीतल्या पिसाचे चार तंतू घ्या, टोकं मागे शेपूट म्हणून सोडा, उरलेले तारेसोबत पिळून पुढे गुंडाळा. थोडी वेडीवाकडी झाली तरी माशाची तक्रार नसते.

ट्राउट बहुतेक खाणं पाण्याखालीच उरकतो, त्यामुळे मासे मोजायचे असतील तर फेझंट टेलच. पण संध्याकाळी किडे पाण्यावर उतरले की मासा डोळ्यांदेखत वर येऊन माशी उचलतो, त्या मजेसाठी मी दोन मासे कमी पकडेन. हात बसेपर्यंत मात्र तांब्याची तारच आणा.