बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन प्लॅन करायचंय, व्हीआर (हेडसेटमधली आभासी दुनिया) घ्यावं की थ्रीडी प्रिंट?

डीओआरव्ही नावाचा एक जन्मजात दोष असतो, त्यात दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्या जवळजवळ पूर्णच उजव्या कप्प्यातून निघतात, आणि सर्जनला आधी हे कळायला हवं की दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र महाधमनीच्या किती जवळ आहे, कारण बरेचदा पॅच लावून डाव्या कप्प्यातलं रक्त तिकडे वळवायचं असतं. सीटीचे शेकडो स्लाइस बघून हे डोक्यात जुळवणं खरंच अवघड हो.

व्हीआरचं मला जाम आवडतं ते म्हणजे थ्रीडी स्लायसरसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधूनही मॉडेल हेडसेटमध्ये बघता येतं, इवलंसं हृदय खोलीएवढं करा आणि सरळ आत शिरा, छिद्राजवळ उभं राहून वर बघितलं की महाधमनीचं तोंड दिसतं, भिंत हवी तिथे कापा, चुकलं तर परत जोडा.

प्रिंटला मात्र तासन्‌तास लागतात आणि एकदा कापलं की गेलं. पण मऊ मटेरियलचं असेल तर त्यात पॅच बसवून टाके घालून बघता येतात, व्हीआरमध्ये हाताला काहीच लागत नाही ना! आईबाबांना समजावतानाही हातात दिलेलं मॉडेलच जास्त पोचतं.

म्हणून गुंता समजायला व्हीआर, हात बसवायला प्रिंट, असं माझं स्पष्ट मत. फक्त सेगमेंटेशन, म्हणजे सीटीतून हृदयाचे भाग वेगळे काढून मॉडेल बनवणं, आधी नीट तपासा, झडपांचे पातळ पडदे सीटीत बरेचदा धड येत नाहीत, आणि तिथे चूक झाली तर दोन्हीकडे चुकीचंच हृदय दिसणार, तेही एकदम सुंदर.