डिझेल गाडीत पेट्रोल पडलं तर बोलवायचं कुणाला? टाकी उपसून देणाऱ्या तीन सेवांचं परीक्षण

पेट्रोलचं नोझल डिझेलच्या नोझलपेक्षा बारीक असतं, त्यामुळे ते डिझेल गाडीच्या टाकीत अलगद जातं. त्यात एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्या बाहेरून सारख्याच दिसतात. घोटाळा झाल्यावर रोडसाइड असिस्टन्स, जागेवर येऊन टाकी रिकामी करणारा मेकॅनिक किंवा नोझल-पंपवाला, म्हणजे डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि पंप दुरुस्त करणारा कारागीर, यांच्यापैकी कुणाला तरी गाठावं लागतं. तिघांनाही आम्ही एकच कसोटी लावली. पेट्रोल काय, कुणीही काढेल. ते टाकीतून पुढे कुठवर गेलंय, हे कोण शोधतं?

कॉमन रेल डिझेल इंजिनात, म्हणजे ज्यात ‘रेल’ नावाच्या एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरांना दाबाखालचं इंधन मिळतं, हाय प्रेशर पंपाला बहुधा वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्याचं वंगण. रेलमध्ये 1600 बार किंवा त्याहून जास्त दाब तयार करणारा हा पंप पेट्रोलवर चालला की वंगणाचा थर धुऊन जातो, धातूवर धातू घासतो आणि त्याचा बारीक चुरा रेलमधून थेट इंजेक्टरात उतरतो. आता पेट्रोलही E20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल, आणि ते पाणी ओढून घेतं. ‘टूटी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल टाका आणि चालवा’ हा सल्ला जुन्या जीपच्या जमान्यातला, कॉमन रेलला लावू नका.

म्हणून कुणालाही फोन करण्याआधी एक पथ्य: चावी ‘ऑन’लाही नेऊ नका. बऱ्याच गाड्यांत इग्निशन ऑन होताच टाकीतला इलेक्ट्रिक पंप इंधन फिल्टरकडे ढकलतो. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून बाजूला ढकला. पेट्रोल पंपाच्या बिलावर इंधनाचा प्रकार आणि लिटर असतात, ते जपून ठेवा. भरपाई मागायची वेळ आली तर तोच पुरावा.

रोडसाइड असिस्टन्सच्या यादीत चुकीच्या इंधनाचा उल्लेख बऱ्याचदा असतो, पण फोन केल्यावर कळतं की मिळणार आहे फक्त टोइंग. टाकी उपसण्याचे आणि नव्या डिझेलचे पैसे वेगळे. फोनवर दोन गोष्टी पक्क्या करा: गाडी फ्लॅटबेडवरच, म्हणजे सपाट ट्रकवर ठेवूनच, न्यायची, आणि वर्कशॉपला पोहोचेपर्यंत कुणी स्टार्ट मारायचा नाही. गाडी ट्रकवर ‘चढवून घ्यायला’ इंजिन सुरू करणारे महाभाग असतात. वर्कशॉपमधलं काम मात्र रीतसर होतं. मागची सीट उचलून टाकीतलं पंप युनिट काढतात, त्यामुळे तळाचं इंधनही निघतं. खटकतं ते पहिलंच एस्टिमेट. फिल्टर उघडायच्या आधीच पंप, रेल आणि चारही इंजेक्टर लिहून मोकळे! पाचपैकी साडेतीन.

चावी फिरलीच नसेल, तर जागेवर येणारी सेवा सगळ्यात सोयीची. अट एकच: फिलरमधून, म्हणजे इंधन भरायच्या तोंडातून, नळी घालून ‘झालं’ म्हणणारा नको. अनेक गाड्यांच्या गळ्यात झडप असते, नळी तळापर्यंत पोहोचत नाही आणि पेट्रोल उरतंच. वरून युनिट काढून उपसायचं, 5 ते 10 लिटर ताजं डिझेल घालून टाकी खंगाळायची, तेही काढायचं, नवा फिल्टर बसवायचा, लाइनमधली हवा काढायची आणि मगच स्टार्टर. आगीचं भान इथे फार महत्त्वाचं. या मिश्रणाला पेट्रोलच समजायचं, कारण त्याची वाफ ठिणगीसरशी पेटते. बॅटरीला क्लिपा लावून साधी 12 व्होल्टची मोटर चालवणाऱ्याला परत पाठवा. हाताचा किंवा हवेवर चालणारा पंप, धातूचे डबे आणि शेजारी अग्निशामक एवढं हवंच. नीट करणाऱ्याला चार, नळीवाल्याला एक.

इंजिन चाललं असेल, धूर आला, ठोके वाजले किंवा गाडी रस्त्यात बंद पडली, तर मात्र नोझल-पंपवाल्याकडेच चला. आमचं झुकतं माप त्याला आहे. चांगला कारागीर आधी फिल्टरमधलं इंधन पांढऱ्या ट्रेत ओततो आणि चांदीसारखी चमक दिसते का ते बघतो. चमक नसेल तर टाकी आणि लाइन साफ करून, फिल्टर बदलून गाडी सुरू करतो. मग स्कॅनरवर रेलचा मागितलेला आणि प्रत्यक्ष दाब ताडून बघतो आणि प्रत्येक इंजेक्टरचं रिटर्न, म्हणजे त्यातून परत जाणारं इंधन, मोजतो. एकाचंच रिटर्न बाकीच्यांपेक्षा ठळक जास्त आलं, तर तो इंजेक्टर तपासणीच्या बेंचवर जातो. चुरा दिसला तर नुसता पंप बदलून भागत नाही. रेल, पाइप आणि इंजेक्टरमध्ये राहिलेला चुरा दुरुस्तीवर पाणी फिरवतो. वेळेवर टाकी साफ केली तर खर्च काही हजारांत आटोपतो, इथे तो लाखापलीकडे जाऊ शकतो. उणीव म्हणजे हे कारागीर गाडी न्यायला येत नाहीत आणि काहींकडे पक्कं बिल मिळत नाही. साडेचार.

विम्याचं म्हणाल तर साध्या पॉलिसीत चुकीच्या इंधनाने झालेलं इंजिनचं नुकसान सहसा बसत नाही. ‘इंजिन प्रोटेक्ट’ घेतलं असेल तरी त्याची वाक्यरचना वाचा. बऱ्याच पॉलिसींत तिचा रोख इंजिनात शिरलेल्या पाण्यावर आणि ऑइल गळतीवर असतो. चूक पेट्रोल पंपाची असेल तर तिथल्या मॅनेजरकडून लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर तेल कंपनीकडे तक्रार करा, आणि तिथेही हलेना तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

काम कुणीही करो, काढलेला जुना फिल्टर आणि बाटलीभर मिश्रण त्याच्याकडून मागून घ्या. बाटली धातूची, घट्ट झाकणाची हवी आणि ती घरात ठेवायची नाही.