कंगालपणी रंगणारा खेळ : ‘जॅग्ड अलायन्स २’, सात महिन्यांनंतर

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर मी हिशेब लिहितो. ‘जॅग्ड अलायन्स २’ हा संगणकावरचा खेळ मी डिसेंबरपासून जूनअखेरपर्यंत, रात्रीचे जेवण उरकल्यावर, जवळजवळ रोज तास-दीड तास खेळलो. दोन डाव शेवटापर्यंत नेले आणि तिसरा सध्या अर्ध्यावर आहे. एवढा तपशील आधीच देण्याचे कारण असे की पहिल्या आठवड्यात माझे या खेळाविषयी जे मत होते ते चौथ्या महिन्यात राहिले नाही, आणि दोन्ही मतांत तथ्य आहे असे मला आजही वाटते.

खेळ जुना आहे. सर-टेक कंपनीच्या कॅनडातील चमूने तो तयार केला आणि १९९९ साली तो बाजारात आला. आरुल्को नावाच्या काल्पनिक देशात राणी डेइड्रॅना हिने सत्ता बळकावली आहे. परागंदा झालेला तिचा नवरा एन्रिको तुमच्या हाती थोडी रक्कम देऊन तिला पदच्युत करण्याचे काम सोपवतो, आणि तुम्ही मूठभर भाडोत्री सैनिकांसह ओमेर्टा या उद्ध्वस्त गावात हेलिकॉप्टरमधून उतरता. देशाचा नकाशा चौकोनांत विभागलेला आहे आणि त्यावर तास आणि दिवस सरकत राहतात. शत्रू नजरेस पडला की मात्र घड्याळ थांबते आणि आळीपाळीने चाली सुरू होतात. चालणे, वाकणे, नेम धरणे, गोळी झाडणे, खिशातून पट्टी काढणे या प्रत्येक कृतीला ठरावीक ॲक्शन पॉइंट लागतात, आणि ते संपले की तुमचा माणूस जिथे असेल तिथेच, उघड्यावर असला तरी, शत्रूची पाळी संपेपर्यंत उभा राहतो.

मला या खेळाने पहिल्यांदा पकडले ते लढाईत नव्हे, हिशेबात. सैनिक नेमण्यासाठी खेळातच एक लॅपटॉप दिलेला आहे आणि त्यावर १९९९ च्या धाटणीची संकेतस्थळे आहेत. ‘एआयएम’ या संस्थेकडून माणूस एक दिवस, एक आठवडा किंवा दोन आठवडे अशा कराराने मिळतो. रोजंदारी महाग पडते, पंधरवडा स्वस्त पडतो, पण पैसे आगाऊ मोजावे लागतात. काही जणांसाठी वर वैद्यकीय अनामत ठेवावी लागते आणि माणूस धडधाकट परत गेला तरच ती पूर्ण परत मिळते. त्याचे सामान त्याच्यासोबत घ्यायचे की नाही हेही तुम्हीच ठरवायचे. ऊसतोडीच्या टोळीला उचल देताना आमच्याकडे शेतकऱ्याच्या कपाळावर ज्या आठ्या पडतात, त्याच माझ्या कपाळावर पहिल्या संध्याकाळी पडल्या होत्या. फरक इतकाच की हे सैनिक उचल घेऊन पळून जात नाहीत. करार संपला की मात्र, तुम्ही वाढवून दिला नाही तर, ऐन मोहिमेतून निघून जातात. शिवाय अनुभव वाढला की त्यांचा दर वाढतो, म्हणजे तुम्हीच घडवलेला माणूस पुढे तुम्हालाच परवडेनासा होतो.

स्वतःचे एक पात्रही घडवता येते. त्यासाठी दुसऱ्या एका संकेतस्थळावर एक्सईपी६२४ हा कोड भरायचा, तीन हजार डॉलर मोजायचे आणि मानसशास्त्रीय चाचणीतील विक्षिप्त प्रश्नांची उत्तरे द्यायची. हे पात्र पगार मागत नाही. नवख्याने हा खर्च टाळू नये, असे मी मुद्दाम सांगेन.

आता लढाई. पहिल्या डावात ड्रासेनचा विमानतळ मी रात्री घेतला. माझ्याकडे चार माणसे होती : माझे पात्र, परिचारिका असलेली फॉक्स, दुरुस्ती आणि स्फोटके जाणणारा बॅरी, आणि ओमेर्टाच्या बंडखोरांतून फुकट आलेली आयरा. चौघांकडे पिस्तुले, गोळ्या मोजक्या. तारेचे कुंपण कापून बॅरीला आत घेतले आणि खोक्यांच्या आड गुडघ्यावर बसवले. पिवळ्या शर्टातील एक पहारेकरी दिव्याच्या उजेडात आला. नेम धरण्यासाठी जास्तीचे पॉइंट खर्च करून झाडलेली बॅरीची पहिली गोळी वाया गेली, दुसऱ्या वेळी पिस्तूल अडकले. त्या आवाजाने आणखी दोघे धावत आले आणि त्यांतील एकाने आयराला पोटात गोळी घातली. तिच्या चेहऱ्याशेजारची जीवनरेषा खाली उतरू लागली. फॉक्स तिच्यापासून सहा-सात पावलांवर जमिनीवर आडवी पडून होती. उठायला पॉइंट, पळायला पॉइंट, पुन्हा खाली वाकायला पॉइंट, आणि एवढे करून पट्टी सुरू करण्यापुरतेही उरत नव्हते. मी वहीवर बेरीज केली, पुन्हा केली, आणि शेवटी फॉक्सला अर्ध्या वाटेवर थांबवून पाळी संपवली. शत्रूच्या पाळीत एकजण कोपऱ्यावरून पुढे येताच खेळाने मध्येच माझ्या पात्राला संधी दिली, ज्याला इथे इंटरप्ट म्हणतात, आणि तो शत्रू पडला. आयरा वाचली. पण ती बरी होईपर्यंत कित्येक दिवस गेले, आणि त्या दिवसांत फॉक्सच्या कराराचे पैसे चालूच राहिले.

खेळाची खरी ताकद मला इथे दिसते. जखम ही इथे केवळ घटलेला आकडा नसते. तिच्यामागून दिवस जातात, दिवसांमागून पगार जातो, आणि पगार गेला की पुढच्या गावाकडे निघताना एक माणूस कमी असतो. नेम लागण्याची शक्यता किती टक्के आहे हे मूळ खेळ कुठेही दाखवत नाही. सुरुवातीला मला हा दोष वाटला. दोन महिन्यांनी ध्यानात आले की टक्केवारी दिसत नसल्यामुळेच मी अंतर, उजेड, आडोसा आणि माणसाचा थकवा पाहायला शिकलो. ज्यांना नव्या खेळांची सवय आहे त्यांना याचा राग येईल, आणि तो मी समजू शकतो. माझे मत मात्र बदलले.

सैनिकांना स्वभाव आहेत आणि ते केवळ शोभेपुरते नाहीत. बन्स नावाच्या सैनिकेला फॉक्स सहन होत नाही, त्यामुळे दोघींना एकत्र नेमणे म्हणजे रोजची कुरकुर ओढवून घेणे. काहीजण तुमच्या पथकात कोण आहे हे पाहूनच नकार देतात, आणि तुमच्या हाताखाली माणसे मरू लागली तर बाकीचेही यायला कचरतात. संवाद इंग्रजीत आणि निरनिराळ्या ढबींत आहेत. खाली येणारे मजकूर चालू ठेवल्यास अडचण येत नाही.

माल मागवण्याची सोयही अशीच रंगतदार आहे. ‘बॉबी रेज’ या दुकानातून बंदुका मागवल्या की त्या ड्रासेनच्या विमानतळावर उतरतात, आणि तेथील पाब्लो नावाचा कर्मचारी त्यातील वस्तू परस्पर लंपास करतो. गाडीतून उतरलेली पोती मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही तूट पहिल्याच खेपेला कळली. पाब्लोला पैसे चारता येतात किंवा दोन ठोसे लगावता येतात. मी काय केले ते लिहीत नाही.

आमच्या भागातील वाचकाला या खेळातील गावांचा भाग अधिक जवळचा वाटेल. नुसता शत्रू मारून गाव तुमचे होत नाही. बंडखोरांना अन्न मिळण्याची व्यवस्था करावी लागते, ड्रासेनच्या कारखान्यात राबवली जाणारी मुले सोडवली की लोकांचा विश्वास वाढतो, नागरिक मारला गेला तर तो घसरतो, आणि विश्वास पुरेसा नसेल तर तिथे स्थानिक दल उभे करता येत नाही. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली सातारा-सांगलीच्या मुलखात जे प्रतिसरकार चालले, त्याची गणिते पैसा आणि गावकऱ्यांचा विश्वास या दोन गोष्टींवरच उभी होती. पैसा उभा करण्यासाठी ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे लुटली गेली, आणि प्रतिसरकारच्या तुफान सेनेची माणसे तगली ती कुंडल आणि आसपासच्या गावांतील घरांनी त्यांना भाकरी आणि आसरा दिला म्हणून. खेळ बनवणाऱ्यांना याची गंधवार्ता असण्याचे कारण नाही, तरी भूमिगत लढ्याचे अर्थकारण त्यांनी बरोबर ओळखले आहे. कमी पडतात ते पुढे : गावाचा विश्वास शेवटी टक्केवारीचा एक आकडा होऊन बसतो. आकडा चढला की गावकऱ्यांकडे तुम्हाला सांगण्यासारखे काही उरत नाही. तेच वाक्य पुन्हा ऐकू येते आणि तुम्ही पुढे निघता.

यातूनच या खेळाच्या मुख्य दोषाकडे येतो. देशात खाणी आहेत आणि प्रत्येक खाण ताब्यात आली की रोजचे उत्पन्न सुरू होते. पुढे एक खाण संपतेही, पण तोवर बाकीच्या खाणी तुमच्या हाती असतात. दोन्ही डावांत तिसरी खाण मिळाल्यावर माझी तिजोरी भरली, आणि त्या दिवसापासून खेळाचा रस कमी होत गेला. करार संपण्याची भीती राहिली नाही, गोळ्या मोजण्याची गरज उरली नाही, जखमी माणसाला कॅम्ब्रियाच्या रुग्णालयात पैसे भरून ठेवले की काम भागले. ज्या तंगीने पहिले तीन महिने मला जागे ठेवले होते ती गेली, आणि तिच्या जागी आली राखणदारी. घेतलेल्या गावांवर राणीच्या तुकड्या पुन्हा पुन्हा येतात, स्थानिक दलाला पुन्हा शिकवावे लागते, ते पुन्हा मरते. कणसे भरल्यावर माळ्यावर बसून पाखरे हाकावीत, तसे मी मार्च आणि एप्रिल काढले.

उत्तरार्धात शत्रू बलवान होतो हे खरे आहे. काळ्या पोशाखातील राणीचे निवडक सैनिक चिलखत घालून येतात आणि राजधानी मेडुनात रणगाडे उभे असतात, ज्यांच्यापुढे रायफल कुचकामी ठरते. पण त्यांची अक्कल वाढत नाही. घराच्या कोपऱ्यावर दोन माणसे दबा धरून बसवली, एक गोळी हवेत झाडली आणि पाळी संपवली, की शत्रू एकामागून एक त्याच कोपऱ्यावर येऊन मरतात. ही युक्ती मला दुसऱ्या महिन्यात सापडली आणि नंतर ती न वापरण्याचा निग्रह करावा लागला. खेळणाऱ्याने स्वतःहून हात बांधून घेतल्यावरच लढाई रंगत असेल, तर तो दोष रचनेचाच मानला पाहिजे.

सामानाची हाताळणी त्रासदायक आहे. लढाईनंतर जमिनीवर पडलेल्या बंदुका, चिलखते, निरनिराळ्या मापांची काडतुसे एकेक उचलून एकेकाच्या खिशात भरावी लागतात. खेळाच्या सात महिन्यांपैकी एक महिना माझा यातच गेला असावा. त्यात काही वस्तू झिजलेल्या असतात, त्यांची दुरुस्ती कोणाकडे द्यायची ते ठरवा, मग दुरुस्त झालेल्या परत वाटा.

चालवण्याविषयी थोडे. मूळ खेळ ६४० बाय ४८० या मापाच्या पडद्यासाठी बनवलेला असल्याने आजच्या संगणकावर तो हटवादीपणा करतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर रंग बिघडत आणि दोनदा तर अख्खा पडदा काळा झाला. चाहत्यांनी चालवलेला ‘स्ट्रॅसिअटेला’ हा प्रकल्प वापरल्यावर ही कटकट संपली. तो मोफत आहे, मात्र विकत घेतलेल्या मूळ खेळाच्या फायली जवळ असाव्या लागतात. ‘१.१३’ नावाचा प्रसिद्ध मॉडही, म्हणजे चाहत्यांनी मूळ खेळात केलेल्या बदलांचा संच, आहे. त्यात शस्त्रे आणि पर्याय इतके वाढतात की पहिल्यांदा खेळणारा त्यात बुडून जाईल. मूळ खेळ एकदा पुरा केल्याशिवाय त्याकडे वळू नये. सुरुवातीला वास्तववादी आणि विज्ञानकथा अशा दोन रीतींतून निवड करायची असते. विज्ञानकथेच्या रीतीत खाणींमधून किडे निघतात, म्हणून मी तिच्या वाटेला गेलो नाही.

सेव्हची सोय हा मोह आहे. कोणी मेला की जुने सेव्ह लोड करावे असे वाटतेच, आणि पहिल्या डावात मी ते इतक्यांदा केले की विजयाचा आनंद फिका पडला. ‘आयर्न मॅन’ निवडल्यास लढाई चालू असताना सेव्ह करता येत नाही. दुसरा डाव मी तसा खेळलो. जूनमध्ये पावसाने वीज जाऊ लागली तेव्हा लॅपटॉपच्या मरतुकड्या बॅटरीवर लढाई संपवण्याची घाई व्हायची. एका रात्री कॅम्ब्रियाची जवळजवळ जिंकलेली लढाई अशीच अंधारात गेली, आणि दुसऱ्या दिवशी पेढीवर सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाण्याविषयी बोलत असताना मी गप्प होतो.

तिसऱ्या डावात मी स्वतःला एक अट घातली आहे : एका वेळी दोनच खाणी ठेवायच्या, तिसरी सोडून द्यायची. या अटीने उत्तरार्धातही ओढाताण टिकून राहिली आहे. काल रात्रीच्या नोंदीप्रमाणे हाती चौदाशे डॉलर आहेत, बॅरीचा करार उद्या सकाळी संपतो, आणि अल्माच्या वाटेवर राणीची एक तुकडी मुक्काम ठोकून आहे.