वीजबिल चुकल्यावर: ग्राहक तक्रार निवारण मंचाचा अनुभव

गेल्या वर्षी आमच्या घरच्या वीजबिलात चालू रीडिंग ०८९३१ असे छापून आले. मी टॉर्च घेऊन मीटरपुढे उभा राहिलो, तेव्हा मीटरवर ०८४३१ हा आकडा स्पष्ट दिसत होता. मागील रीडिंग ०८२९१ असल्यामुळे खरा वापर १४० युनिटचा होता आणि बिल मात्र ६४० युनिटचे आले होते. चार या आकड्याच्या जागी नऊ वाचला गेला होता, एवढीच चूक. ती दुरुस्त करून घेण्यासाठी अखेर मला वीज वितरण कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचापर्यंत जावे लागले, आणि त्या सेवेविषयी हे सविस्तर लिहीत आहे.

खिडकीवर पहिले उत्तर मिळाले, "आत्ता भरून टाका, पुढच्या बिलांत वळतं होईल." हे उत्तर ऐकून बहुतेक जण परत फिरतात, म्हणून त्यातला तोटा नीट समजून घेतला पाहिजे. महाराष्ट्रात घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढत जातो. १४० युनिटचा ग्राहक पहिल्या दोन टप्प्यांतच राहतो. ६४० युनिट दाखवले की वापर थेट चौथ्या टप्प्यात जातो आणि जादा युनिटांचा मोठा भाग महाग दराने आकारला जातो. पुढे तीन महिने मीटर त्या चुकीच्या आकड्यापर्यंत पोहोचत नाही, तेव्हा वापर शून्य दाखवला जातो आणि त्या महिन्यांतील पहिल्या १०० युनिटांचा स्वस्त दर वाया जातो. युनिटांचा हिशेब जुळतो, पैशांचा जुळत नाही. त्यामुळे चुकीचे बिल रद्द करून खऱ्या वापराप्रमाणे नवे बिल मागणे हाच योग्य मार्ग आहे.

बिल वादात असताना वीज तोडली जाईल ही भीती सर्वांनाच असते. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ ने येथे फार मोलाचे संरक्षण दिले आहे: थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ग्राहकाने मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीएवढी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. मी सरासरीची रक्कम भरली, अर्जात कलमाचा उल्लेख केला, मीटरचा फोटो जोडला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतली. त्या अर्जानंतर वीज तोडण्याची भाषा थांबली, परंतु बिल दुरुस्त झाले नाही, म्हणून मंचाकडे तक्रार दाखल केली.

मंचाचा अनुभव माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला आला. वकील लागला नाही आणि बोलण्यास पुरेसा वेळ मिळाला. मंचाने कंपनीकडून रीडिंगच्या वेळी काढलेला मूळ फोटो मागवला. बिलावर तो अंगठ्याएवढा आणि धूसर छापला होता; संगणकावर मोठा करताच त्यात चार हा आकडा कोणालाही वाचता येत होता. महिनोन्‌महिने जे होत नव्हते ते त्या एका फोटोने काही मिनिटांत झाले. महाराष्ट्रात मंचाला निकालासाठी ६० दिवसांची मुदत आहे, आणि आमचा आदेश त्या मुदतीत आला. १४० युनिटचे बिल द्यावे आणि त्यानंतरच्या महिन्यांची बिलेही प्रत्यक्ष रीडिंगप्रमाणे करावीत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. निकाल मान्य नसेल तर पुढे विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते.

तरीही उणिवा आहेत, आणि त्या मंचातील माणसांच्या नसून कायद्याच्या रचनेतील आहेत. कायद्याप्रमाणे हा मंच वीज वितरण कंपनीनेच स्थापन करायचा असतो, त्यामुळे नवख्या ग्राहकाला तो कंपनीचाच एक विभाग वाटतो आणि पाऊल अडखळते. त्याहून गंभीर बाब कलम ५६ (२) ची आहे. दोन वर्षांपूर्वीची रक्कम वसूल करता येणार नाही, असे हे कलम वाचून वाटते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असा अर्थ लावला की रक्कम देय होते ती बिल दिल्यावर, आणि कंपनीच्या प्रामाणिक चुकीमुळे राहून गेलेल्या रकमेचे पूरक बिल नंतरही काढता येते. फक्त त्या जुन्या रकमेसाठी वीज तोडता येत नाही. म्हणजे कंपनीची चूक किती जुनी असली तर ग्राहक मोकळा होतो, याला आपल्याकडे पक्की सीमा उरलेली नाही. ब्रिटनमध्ये २०१८ पासून घरगुती ग्राहकाला संरक्षण आहे की पुरवठादाराच्या चुकीमुळे बिल राहून गेले असेल, तर १२ महिन्यांपूर्वीच्या वापराचे पैसे मागता येत नाहीत. अशी स्वच्छ तरतूद आपल्या कायद्यात व्हावी, अशी माझी मनापासून मागणी आहे.

वीज (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० ने काही बाबतींत सुधारणा केली आहे. वर्षात दोनपेक्षा जास्त अंदाजे बिले देता येत नाहीत, आणि मीटरविषयी तक्रार आल्यास ३० दिवसांत तपासणी करावी लागते. २०२४ च्या दुरुस्तीनंतर, रीडिंग वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यास पाच दिवसांत जादा मीटर बसवून किमान तीन महिने वापर पडताळण्याची सोयही झाली. मात्र ही तपासणी आणि पडताळणी ग्राहकाने मागितल्यावर मिळते. नेहमी १४० युनिट वापरणाऱ्या घराला ६४० युनिटचे बिल छापण्यापूर्वी संगणकाने स्वतः थांबून फोटो पुन्हा तपासावा, ही सक्ती कायद्याने कंपनीवर टाकली असती, तर मला मंचाकडे जावेच लागले नसते.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल, त्यांनी या सेवेचा उपयोग अवश्य करावा. बिल हाती आल्याच्या दिवशीच मीटरचा तारखेसह फोटो काढावा आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. माझ्या प्रकरणात सुनावणीच्या वेळी सर्वप्रथम याच दोन गोष्टी पाहिल्या गेल्या.