क्यूजीआयएसवर गावशीव आणि पाणलोट यांचा मेळ घालताना : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले आठ महिने मी क्यूजीआयएस हे मोफत नकाशा-सॉफ्टवेअर जवळजवळ रोज वापरतो आहे आणि तेही एकाच कामासाठी: 2011 च्या जनगणनेतील गाववार लोकसंख्या पाणलोट क्षेत्रांमध्ये वाटण्यासाठी. जनगणना माणसे मोजते ती महसुली गावानुसार. पाणी मात्र गावाची शीव ओळखत नाही. बालाघाट डोंगररांगेच्या माथ्यावर ही अडचण फार ठळक होते, कारण मांजरा आणि सिंदफणा या दोन्ही नद्या बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्याच्या डोंगरभागात उगम पावतात आणि माथ्यावरच्या गावांच्या शिवाराचे पाणी काही इकडे, काही तिकडे उतरते. दरडोई पाण्याचा ताळेबंद मांडायचा, तर अशा गावातील माणसे कोणत्या खोऱ्यात धरायची?

सर्वांत सोपी रीत क्षेत्रफळाच्या प्रमाणाची. गावांच्या आणि पाणलोटांच्या लेयरवर, म्हणजे नकाशाच्या थरांवर, ‘इंटरसेक्शन’ (थर एकावर एक ठेवून त्यांचे तुकडे पाडणारे साधन) चालवायचे, प्रत्येक तुकड्याच्या क्षेत्रफळाला मूळ गावाच्या क्षेत्रफळाने भागायचे आणि त्या प्रमाणात लोकसंख्या वाटून द्यायची. त्याआधी ‘फिक्स जिऑमेट्रीज’ (आकृत्यांच्या सदोष कडा दुरुस्त करणारे साधन) चालवणे आवश्यक आहे, हे मी दोनदा अडल्यावर शिकलो. माझी खरी फजिती मात्र फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये, म्हणजे तक्त्यातील स्तंभांवर हिशेब करण्याच्या साधनात, झाली. गुणोत्तर साठवण्यासाठी जो नवा स्तंभ केला, त्याचा प्रकार मी पूर्णांकच राहू दिला. त्यामुळे 0.63 चा झाला 1 आणि 0.37 चा झाला 0, म्हणजे आख्खे गाव एकाच खोऱ्यात जाऊन पडले. सॉफ्टवेअरने हरकत घेतली नाही, आणि गंमत अशी की बेरीजही जवळजवळ जुळली, कारण माझी बहुतेक गावे दोनच तुकड्यांत विभागली होती. तीन तुकड्यांच्या एका गावाची लोकसंख्या शून्य दिसली, तेव्हा चूक उघडी पडली. बेरीज जुळली म्हणजे वाटणी बरोबर झाली असे नव्हे, हे ध्यानात ठेवून मी आता गुणोत्तराचा स्तंभ आधी डोळ्यांखालून घालतो.

ही चूक सुधारल्यावरही उत्तरे पटत नव्हती, आणि त्याचे कारण सॉफ्टवेअरमध्ये नसून रीतीतच होते. क्षेत्रफळाची वाटणी असे गृहीत धरते की माणसे शिवारभर सारखी पसरलेली आहेत. आपल्याकडे गाव म्हणजे गावठाण. बाकीचे शिवार म्हणजे तूर, कापूस, सोयाबीन आणि माळ. समजा, 1,000 वस्तीच्या गावाचे 60 टक्के शिवार सिंदफणेकडे उतरते, पण गावठाण मांजरेच्या बाजूला आहे. तर ही रीत 600 माणसांना जिथे एकही घर नाही अशा उतारावर बसवते. म्हणून मी वजन, म्हणजे ज्या प्रमाणात माणसे वाटायची ते माप, बदलले. क्षेत्रफळाऐवजी उपग्रहचित्रांवरून रेखलेल्या घरांचे क्षेत्र घेतले आणि गावाची एकूण लोकसंख्या तशीच राखून ती घरांच्या प्रमाणात वाटली. फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता. ही रीतही निर्दोष नाही: पत्र्याचा गोठा, जिनिंगचे शेड आणि राहते घर यांना ती एकाच मापाने मोजते, आणि एखादा तांडा रेखायचा राहून गेला असेल, तर त्यातील माणसे मूळ गावठाणात जमा होतात. बेचिराख, म्हणजे वस्ती नसलेल्या, गावांचे तर वेगळेच: तिथे घरेच नसल्याने भाजक शून्य होतो आणि रकाना रिकामा राहतो. त्या ओळी आधीच बाजूला काढाव्यात.

प्रक्षेपणाची (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणण्याच्या पद्धतीची) भीती मात्र मी उगाच बाळगली होती. यूटीएम ही प्रक्षेपण-पद्धत पृथ्वीचे उभे पट्टे पाडते; मराठवाडा बहुतांशी तिच्या 43 व्या पट्ट्यात येतो, पण 78 अंश रेखावृत्तापलीकडचे किनवट 44 व्या पट्ट्यात जाते. यावर मी एक आठवडा घालवला. नंतर लक्षात आले की एकाच गावाच्या तुकड्यांचे परस्पर प्रमाण काढायचे असल्याने त्याने नावापुरताच फरक पडतो. नकाशाची माहिती साठवताना शेपफाईल हा जुना फाईल-प्रकार सोडून जिओपॅकेज वापरावे, कारण शेपफाईलमध्ये स्तंभाचे नाव दहा अक्षरांवर तुटते.

जिथे आख्खी गावेच एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेली, तिथे यातले काहीच लागत नाही. 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. 1991 चे आकडे नव्या जिल्ह्यांनुसार लावायचे, तर गावांच्या याद्या जुळवून बेरीज करणे पुरते.

आणखी एक गोष्ट नकाशात दिसत नाही. 2011 ची शिरगणती 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे ऐन ऊसतोडीच्या हंगामात. मोजणीच्या संपूर्ण काळात बाहेर असलेला माणूस जिथे सापडेल तिथे मोजला जातो. बीडच्या डोंगरपट्ट्यातील किती कोयते (ऊसतोड मजुरांच्या जोड्या) त्या वेळी कारखान्यांच्या फडात होते, हे कोणतेही वजन लावून परत आणता येत नाही. त्यामुळे अंदाज दशांशात लिहिणे मी सोडले आहे. जवळच्या शेकड्यापर्यंत पूर्ण करतो.

सध्या प्रत्येक गावासाठी दोन्ही रीतींचे आकडे शेजारीशेजारी ठेवतो. ते जवळपास सारखे आले, तर पुढे जातो. फार तफावत दिसली, की गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन करून विचारतो, “तांडा ओढ्याच्या अलीकडं की पलीकडं?”